जसे आहे, जेथे आहे

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने घर घेण्याच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या ज्येष्ठ मेव्हण्यांचे ठाम मत आहे. गेल्या वर्षी चैत्रापासून श्रावणापर्यंत आमच्या घरी जे काही घडले ते आठवले, म्हणजे हे मत बनवण्याचा त्यांना पुरता अधिकार आहे हे मला कबूल करावे लागते. परंतु त्याच चार-पाच महिन्यांत मी जे शिकलो ते एम. ए. च्या दोन वर्षांतही शिकलो नव्हतो. आणि दिवाळीच्या निवांत दुपारी, फराळाचे ताट जरा बाजूला सारून, ते वाचकांना सांगावे असे वाटले. मध्यमवर्गीय माणूस घर जन्मात एकदाच घेतो, आणि एकदाच घ्यायच्या वस्तूच्या बाबतीत दुसऱ्याचाच अनुभव उपयोगी पडतो.

नंदुरबारला नोकरीसाठी येऊन मला सोळा वर्षे झाली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळे होऊन हे जिल्ह्याचे ठिकाण झाले, तेव्हापासून गाव चहूंकडे पसरले. आम्ही मात्र तीन खोल्यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडात जिथल्या तिथे आहोत. दोन मुले, पुस्तकांची चार कपाटे, आणि ‘पुढची दिवाळी स्वतःच्या घरात’ हा दर दिवाळीला न चुकता होणारा संकल्प, एवढी आमची इस्टेट. अशात एका सकाळी सौ. ने चहाच्या कपाबरोबर वर्तमानपत्राचे आतले पान माझ्यापुढे ठेवले. एका बँकेची ती जाहीर सूचना होती. शिरीषकुमार आणि त्याचे सोबती ९ सप्टेंबर १९४२ रोजी जेथे हुतात्मा झाले त्या माणिक चौकापासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या वस्तीतले एक दुमजली घर थकलेल्या कर्जापोटी लिलावाने विकायचे होते. राखीव किंमत ३१ लाख रुपये, इसाऱ्याची रक्कम ३ लाख १० हजार. त्या आळीत तेवढे घर ३८ लाखांच्या खाली मिळत नाही, हे आम्हांला ठाऊक होते.

सौ. किंमत पाहत होती आणि मी भाषा पाहत होतो. ‘सदर मिळकतीची विक्री जसे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे, आणि जे काही आहे या तत्त्वावर करण्यात येईल.’ वाचकहो, मराठीत ‘जसे’ आले की मागोमाग ‘तसे’ यावे लागते; ‘जेथे’ आले की ‘तेथे’ यावे लागते. शाळेतला मुलगाही अर्धे वाक्य सोडून उठत नाही. इथे तीन-तीन ‘जे’ येऊन गेले आणि एकही ‘ते’ नाही! मी सौ. ला म्हटले, “हे वाक्य अपुरे आहे.” ती म्हणाली, “मग पुरे कुणी करायचे?” त्या वेळी मी हसलो. पुढे कळले, की ते ‘तसे’ आणि ‘तेथे’ खरेदीदाराने आपल्या पैशाने भरायचे असते.

संध्याकाळी मेव्हणे आले. त्यांचा सिमेंटचा व्यापार असल्यामुळे घरांविषयी शेवटचा शब्द आमच्याकडे त्यांचाच असतो. ते म्हणाले, “भाऊजी, विचार कसला करता? सात लाख आयते वाचताहेत. उद्याच इसारा भरून टाका.”

“घर आधी कुणा इंजिनियरला दाखवावे म्हणतो.”

“कशाला? बँकेने त्याच घरावर कर्ज दिले ना? त्यांच्या मूल्यांकनकाराने पाहिल्याशिवाय का दिले? तुम्ही पुन्हा पाच-दहा हजार पाण्यात घालणार! आणि लिलाव दुसऱ्याने घेतला तर? ते पैसे कोण परत देणार?”

हा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. मी गप्प बसलो. तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे माहेर शहादे तालुक्यातले, तापीकाठचे. ती म्हणाली, “दादा, आपले आप्पा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा कसा घ्यायचे, आठवते ना?”

दत्तजयंतीला सारंगखेड्यास एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोड्यांचा बाजार दूरदूरच्या प्रांतांत प्रसिद्ध आहे. माझे सासरे तिथे सकाळपासून हिंडत. आधी लांबून उभा घोडा पाहायचा, मग दात, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. आणि एवढे झाल्यावर त्याला चालवून, पळवून पाहायचे. विकणारा जितकी घाई करी तितके आप्पा सावकाश होत. ज्या घोड्याची किंमत बाजारापेक्षा कमी सांगितली जाई, त्याचे पाय ते दोनदा उचलून पाहत.

“घोड्याचे ठीक आहे ग,” मेव्हणे म्हणाले, “पण हा बँकेचा लिलाव आहे.”

“म्हणून तर,” सौ. म्हणाली, “घोडा खोडीचा निघाला तर पुढच्या यात्रेत विकता येतो.”

दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयातल्या एका वकील मित्राकडे गेलो. वर्गात अलंकार समजावून सांगणारा मी, त्यांच्यापुढे दीड तास विद्यार्थी होऊन बसलो. त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे. कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला, की बँक ते खाते अनुत्पादित ठरवते. त्यानंतर २००२ सालच्या सरफेसी कायद्याखाली ती ६० दिवसांची नोटीस देते, आणि तरीही रक्कम आली नाही तर दिवाणी दाव्याची वाट न पाहता तारण मिळकतीचा ताबा घेऊन ती विकू शकते. हा कायदा सहकारी बँकांना लागू आहे की नाही, असा वाद बरीच वर्षे चालला होता. तो आपल्याच महाराष्ट्रातल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ‘लागू आहे’ असा निर्णय देऊन मिटवला.

“आता तुमच्याविषयी,” वकीलसाहेब म्हणाले. “बोली तुमची ठरली, की इसारा धरून पंचवीस टक्के त्याच दिवशी किंवा फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायचे. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदतवाढ मिळालीच तरी एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. नाही भरलेत तर पंचवीस टक्के जप्त. आणि ही जप्ती योग्यच आहे, असे २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेले आहे.”

मी मनात हिशेब केला. ३१ लाखांचे पंचवीस टक्के म्हणजे ७ लाख ७५ हजार. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर जपून ठेवलेली आणि आमच्या घरासाठी देऊ केलेली रक्कम जवळजवळ एवढीच होती.

“पण घरात दोष निघाला तर विकणाऱ्यावर जबाबदारी नाही का?” मी विचारले.

ते म्हणाले, “१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात विकणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे: खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही कळणार नाही असा मोठा दोष ठाऊक असेल, तर तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पण नीट ऐका. ‘साधारण काळजी घेऊनही’ हे शब्द आहेत. जो दोष तुम्ही छताकडे मान वर करून पाहिला असता तर दिसला असता, त्याची तक्रार कोण ऐकणार? शिवाय बँक त्या घरात कधी राहिलेली नाही. तिला कागद ठाऊक असतात, गळती ठाऊक नसते. हरियाणातल्या एका वित्तीय महामंडळाने कारखान्याची मिळकत विकताना तिला स्वतंत्र वाट नाही हे सांगितले नव्हते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथे खरेदीदाराच्या बाजूने निकाल लागला, हे खरे. पण तिथवर जायला किती वर्षे लागतात? तुम्हांला घर हवे आहे, की खटला?”

मेव्हण्यांच्या बिनतोड युक्तिवादाला उत्तर मिळाले ते इथे. बँकेचा माणूस घर पाहतो तो ‘विकले तर कर्ज फिटेल का’ या नजरेने; आणि तेही बहुधा कर्ज देताना, म्हणजे कैक पावसाळ्यांपूर्वी. ‘या छताखाली मुले निजवावीत का’ हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नसतो.

तेव्हा पाहणी करायची, हे ठरले. आता कुणी करायची? अकरावीत ज्याला मी मराठी शिकवले होते असा एक विद्यार्थी आता गावात इमारतींची कामे करतो. निबंधात तो नेहमी जेवढ्यास तेवढे लिही, म्हणून गुण कमी पडत. तोच गुण आता मला मोलाचा वाटला. त्याने सहा हजार फी सांगितली आणि एक अट घातली. “सर, सोबत एक जुना गवंडी घेऊ. मला काँक्रीट कळते. ही जुनी घरे त्यांना जास्त कळतात.”

बँकेने पाहणीला एक दिवस नेमून दिला होता. मात्र एक अडचण निघाली. बँकेकडे घराचा ताबा होता तो ‘प्रतीकात्मक’. म्हणजे दारावर नोटीस लागली होती, माणसे आतच राहत होती. बँकेचा अधिकारी सभ्यपणे म्हणाला, “त्यांनी आत घेतले तर पाहा. आम्ही जबरदस्ती करू शकत नाही.”

वैशाखातली ती दुपार मी विसरणार नाही. दुसऱ्याच्या पडत्या काळात त्याच्या दारात मोजपट्टी घेऊन उभे राहणे, यासारखे अवघड काम नाही. माझे पाय उंबऱ्याबाहेरच घोटाळले. सौ. पुढे झाली आणि म्हणाली, “आजी, आत येऊ का?” दारात सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी आमच्याकडे, मग इंजिनियरच्या हातातल्या हातोडीकडे पाहिले आणि म्हणाल्या, “या. पाणी घ्या आधी. ऊन फार आहे.”

त्यांचा मुलगा मिरचीच्या व्यापारात होता. हिवाळ्यात आमच्या गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे अंथरलेले असतात, ते पाहायला पाहुणे मुद्दाम जातात. त्या गालिच्यांवर अवकाळी पाऊस पडला म्हणजे काय होते, ते पाहायला कुणी जात नाही. दोन हंगाम असे गेले, आणि मुलगा सुरतेला नोकरीला गेला.

घराचे दोन भाग होते. पुढचा भाग जुना: सागाचे खांब, तुळया, कडीपाट, आणि वर खानदेशी पद्धतीचे मातीचे धाबे. मागचा भाग नवा: विटांच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब; खाली स्वयंपाकघर आणि न्हाणी, वर मुलांची खोली. मला भीती होती ती पुढच्या भागाची. मातीचे धाबे म्हटले, की ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची आठवण होते. तिथे दगडमातीच्या जाड भिंतींवरची जड मातीची छपरे निजलेल्या माणसांवर कोसळली होती. मागचा भाग मात्र गुळगुळीत, नुकताच रंगवलेला आणि मोठा देखणा होता.

इंजिनियर आधी घरात आलाच नाही. समोरच्या ओट्यावर जाऊन तो पाच मिनिटे नुसता घराकडे पाहत राहिला. अगदी आप्पांसारखा! मग ओळंबा सोडून भिंती पाहिल्या, प्रत्येक दार-खिडकी उघडून-मिटून पाहिली. घर एका बाजूला खचू लागले, की आधी चौकटी तिरक्या होतात आणि दारे घासू लागतात, असे त्याने सांगितले. गवंडीमामांनी सागाच्या प्रत्येक खांबाच्या बुडाशी टोचणी खुपसून वाळवी पाहिली आणि धाब्याचे थर मोजले. गळले की वर आणखी माती टाकायची, अशा सवयीने काही धाब्यांचे वजन वर्षानुवर्षे वाढत जाते. इथे तसे झालेले नव्हते. “हा भाग तुमच्या नातवालाही पुरंल,” मामा म्हणाले.

मग ते स्वयंपाकघरात गेले. स्टुलावर चढून हातोडीच्या दांड्याने छत ठोकू लागले. टण, टण, टण... आणि मग एकदम बद्द. चार हातांवर पुन्हा बद्द. मामांनी माझ्याकडे पाहिले. “मास्तर, भीत बोलस,” ते अहिराणीत म्हणाले. भिंत बोलते, ऐकणारा पाहिजे.

इंजिनियरने समजावून सांगितले. स्लॅबच्या पोटात लोखंडी सळ्या असतात. वरून पाणी झिरपले की त्या गंजतात, आणि गंजलेले लोखंड फुगून मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा मागते. ती मिळत नाही म्हणून ते खालचे काँक्रीट ढकलून सोडवते. वरून गिलावा आणि रंग दिला की डोळ्यांना काही दिसत नाही. आवाज मात्र लपत नाही. त्याने वरच्या न्हाणीत सहा बादल्या पाणी ओतायला लावले आणि आम्ही खाली अर्धा तास बसलो. उन्हाळ्याच्या त्या दिवसांत, छताच्या कोपऱ्यात तळहाताएवढा ओला डाग हळूहळू उमटला.

तो डाग आम्ही पाहत असतानाच त्या आजीबाई म्हणाल्या, “ते कपाट जरा सरकवा.”

कपाटामागे जुन्या आणि नव्या भागाच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत फट होती. बोट जाईल एवढी. फटीवर आडवी एक काचेची पट्टी सिमेंटने चिकटवलेली होती आणि शेजारी खडूने तारीख लिहिली होती. काच मधोमध तडकली होती. फट वाढते आहे की थांबली आहे, हे पाहण्याची ही जुनी पद्धत: काच शाबूत तर भिंत स्वस्थ. बाईंच्या मुलानेच ती पट्टी दोन वर्षांपूर्वी बसवली होती. इंजिनियर म्हणाला, “काळी माती आहे, सर. पावसात फुगते, उन्हात आकसते. जुन्या भागाचा पाया खाली मुरुमापर्यंत गेला असणार. नव्या भागाचा वरच्या वरच असावा. शिवाय न्हाणीचे पाणी त्याच पायाशी मुरते आहे. दोन भाग दोन वाटांनी चालले आहेत.”

मी बाईंना विचारल्यावाचून राहू शकलो नाही. “आजी, हे आम्हांला दिसले नसते. तुम्ही का दाखवलेत?”

त्या म्हणाल्या, “पोराने कर्जाचे कुणापासून लपवले नाही. मी घराचे कशाला लपवू? वर तुमची पोरे निजतील. पावसाळ्यात मी नातवाला वर निजू देत नव्हते.”

इंजिनियरचा अहवाल नंतर चार पानांचा आला. पण त्यातले सर्वांत महत्त्वाचे पान त्या बाईंनी लिहिले होते, असे मी आजही मानतो. जिचे घर जात होते तिने ते सांगितले. ते सांगण्याचे तिच्यावर कसलेही बंधन नव्हते.

भिंतींची पाहणी झाली, तशी कागदांचीही झाली. वकीलसाहेबांनी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढली, दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, नगरपालिकेत घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी विचारली. विजेच्या थकबाकीविषयी तर २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे, की वीज पुरवठ्याचे नियम तशी मुभा देत असतील तर जुन्या मालकाची बाकी नव्या मालकाकडे मागता येते. मिळकत पत्रिकेच्या नकाशावर पट्टी धरली तेव्हा मागच्या भागाची सहा फूट पट्टी हद्दीबाहेर, बोळात गेलेली आढळली. म्हणजे स्लॅब पोकळ होताच, वर त्याचा काही भाग मुळात आपला नव्हता!

आमच्या जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. गावाबाहेरची स्वस्त जमीन किंवा त्यावरचे घर लिलावात दिसले, तर आधी सातबारा आणि त्यामागचे फेरफार पाहावेत. नंदुरबार हा आदिवासी बहुल जिल्हा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही; न्यायालयाच्या किंवा प्राधिकरणाच्या हुकुमाने झालेली विक्रीही त्यातून सुटत नाही. ज्यांच्या जमिनी पूर्वी कागदाच्या एका अंगठ्यावर गेल्या, त्यांच्यासाठी हा कायदा आहे आणि तो योग्यच आहे. तिथे घराच्या भिंती कितीही भक्कम असोत, व्यवहार कच्चा राहतो.

आता सौ. ने वहीत हिशेब मांडला. राखीव किंमत ३१ लाख. मागचा स्लॅब उतरवून नव्याने घालणे, न्हाणी हलवणे, सांधा मोकळा करणे, पाया बळकट करणे, यांचा इंजिनियरने दिलेला अंदाज साडेसात लाख. घरपट्टी, पाणी आणि वीज यांची बाकी ६४ हजार. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील मिळून सुमारे सव्वादोन लाख. प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत वर्षभर चालू राहणारे आमचे भाडे १ लाख ८ हजार. बेरीज साडेबेचाळीस लाखांच्या घरात गेली. उलट ३८ लाखांचे निर्धोक घर सर्व शुल्कासह साडेचाळीस लाखांत पडत होते. सात लाखांची बचत वहीच्या एका पानावर विरघळली आणि वर दोन लाखांचे नुकसान उरले. बोळातली सहा फूट पट्टी या हिशेबात धरलेलीच नव्हती.

“तर मग आपली किंमत किती?” मी विचारले.

तिने खाली आकडा लिहिला: २७ लाख. त्यावर एक रेघ ओढली आणि म्हणाली, “याच्या वर एक रुपया नाही.” राखीव किमतीखाली बोली लागत नाही, तेव्हा आम्ही इसारा भरलाच नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरे होते. पहिल्या लिलावाला कुणीच आले नाही आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पुन्हा सूचना निघाली: राखीव किंमत २७ लाख ९० हजार. मेव्हणे धावत आले. “भाऊजी, आता तरी! नव्वद हजारांसाठी अडून बसणार का?” खरे सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही. नव्वद हजार म्हणजे काय? आपण कपाटे विकू, सुट्टीत शिकवण्या घेऊ. माणसाला वस्तू आवडली, की अहवालातले ‘गंजलेले’ हे विशेषण हळूहळू ‘किंचित गंजलेले’ होऊ लागते. सकाळी मी वही उघडली. सौ. ची रेघ तशीच होती. त्या रेघेने मला वाचवले. पाहणीचा आकडा लिलावाच्या आधी, शांत डोक्याने लिहून ठेवावा, तो यासाठी.

दुसऱ्या लिलावात ते घर एका व्यापाऱ्याने घेतले. श्रावणात मी त्या आळीतून गेलो तेव्हा पुढचा सागाचा भाग उतरवून खांब ओळीने रचून ठेवले होते आणि मागचा स्लॅब घणाने फोडत होते. व्यापाऱ्याला जागा हवी होती, घर नको होते. त्याने भिंती पाहिल्या नाहीत यात त्याची चूक नाही. त्याला फक्त कागद आणि हद्द पाहायची होती. त्याच्या दृष्टीने सौदा चांगला असेल. आमच्या दृष्टीने तोच सौदा आमच्या मुलांच्या डोक्यावर टांगलेला राहिला असता. आजीबाई त्याआधीच लेकीकडे राहायला गेल्या, असे शेजाऱ्यांनी सांगितले.

म्हणून वाचकांना सांगावेसे वाटते ते एवढेच. अडचणीत आलेले घर स्वस्त मिळते, त्या स्वस्ताईला कारण असते. न दिसणाऱ्या गोष्टींचा भार आपण उचलणार, त्याची ती मजुरी असते. मजुरी पुरेशी आहे की नाही, हे ओझे उचलून पाहिल्याशिवाय कसे कळणार? घर पाडायचेच असेल, तर कागद आणि हद्द पाहून भागेल. राहायचे असेल, तर भिंतींची पाहणी केल्यावाचून बोली लावू नये. आणि आत जाऊच दिले नाही, तर मागचा स्लॅब पोकळ आहे, पाया उथळ आहे, वायर जुनी आहे, असे सर्व वाईटच धरून हिशेब करावा; त्या हिशेबातही परवडत असेल तरच हात वर करावा. घर नवे दिसते म्हणून निश्चिंत राहू नये. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला जी पाच मजली इमारत कोसळून सोळा माणसे गेली, ती काही जुनी नव्हती. अलीकडच्याच काळात बांधलेली होती. आमच्या बाबतीतही ज्याला मी भीत होतो ते जुने धाबे भक्कम निघाले, आणि ज्यावर भाळलो होतो तो रंगवलेला स्लॅब पोकळ निघाला.

आमचा पाहणीचा एकूण खर्च चौदा हजार झाला: इंजिनियर, गवंडी, वकील, नकला आणि रिक्षा धरून. मेव्हणे अजूनही भेटले की म्हणतात, “चौदा हजार पाण्यात, आणि घर नाही ते नाहीच!” परवा भाऊबीजेच्या खरेदीचे बोलणे निघाले असता ते पुन्हा हेच म्हणाले. सौ. करंज्या तळत होती. तिने झारा खाली ठेवला नाही, मागे वळूनही पाहिले नाही.

“दादा,” ती म्हणाली, “आप्पा तीन वर्षे सारंगखेड्याहून घोडा न घेता परत आले होते. गाडीभाडे वाया गेले, असे तू त्यांना कधी म्हणालास?”

मेव्हण्यांनी करंजी तोंडात टाकली आणि विषय बदलला. आम्ही अजून भाड्याच्याच घरात आहोत. यंदाचा संकल्पही झाला. वडिलांचे पैसे बँकेत शाबूत आहेत, आणि वर्तमानपत्राचे आतले पान मी आता रोज वाचतो. ‘जसे आहे’ दिसले, की पेन्सिलीने समासात एक खूण करतो आणि लिहितो: ‘तसे’ पाहून ये.